भात टाका, मी निघालो

नाही, हसणार नाही मी. ठेव तो कॅमेरा खाली, इंदाय, पोरी — मनिलाहून विमानाने आलीस ती काय मला हसवायला? तुमच्या चॅनेलची निरोपाची फिल्म म्हणे. आमच्या इलोइलो शहराच्या बातम्या बंद केल्यात तेव्हा निरोप घेऊ दिलात का? सहाला कोट चढवून बसलो, तर पोरं स्टुडिओतले दिवे उतरवत होती. तीस वर्षं इथल्या भाषेत बातम्या दिल्या — महापौराच्या शिव्या खाल्ल्या, पुरात गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो — आणि आता खर्च परवडत नाही? नदीचं पाणी कुठल्या गल्लीत शिरलं हे सांगणार कोण आता? तुम्ही? तुम्ही फोन करणार, किती मेले विचारणार, ठेवून देणार.

आणि हे मानचिन्ह कशाला? मी मागितलं काय होतं — माझ्या बातम्यांची एक जुनी टेप. एकच. काय? पुसल्या? सगळ्या? — म्हणजे त्यांच्यावर गाण्याच्या स्पर्धा रेकॉर्ड केल्यात. वा. छान केलंत.

ती खिडकीपाशी बसलीय ना — मिलाग्रोस, माझी बायको. मला ओळखत नाही. घरातला हा म्हातारा तिला कोणीतरी भाडेकरू वाटतो. पण टीव्हीवरचा मी, तेर्यो, तो तिचा नवरा. बातम्या संपवताना मी म्हणायचो ना, 'भात टाका, मी निघालो' — बाजारात पोरंटोरं नक्कल करायची — ते गावासाठी नव्हतं गं. तिच्यासाठी होतं. ते ऐकून ही भात टाकायची. डोकं गेलं तरी, ते ऐकलं की जेवायची. आता सहाला टीव्ही लावते, तुमचा तो मनिलाचा गुळगुळीत पोरगा बघते आणि ताटाला हात लावत नाही. नवरा यायचाय म्हणते. मला म्हणते, तुम्ही जेवून घ्या.

डोळे पूस. रडून काय होणार — कॅमेरा उचल. तुमचं कौतुक नको मला, मानचिन्ह परत ने. दारामागचा तो कोट दे. मागे नुसती भिंत येऊ दे, हे घर आहे असं कळता कामा नये. बातम्या कुठल्या? कालच्या वाचीन, रोज सहाला त्याच लावल्या तरी तिला कुठे तारीख लागते. केस बरे आहेत ना? — काही नाही, मिलाग्रोसबाई, बसा तुम्ही. येईल तो. आज येईल.

लागला लाल दिवा? मग आता एक शब्द नको.