दिगूची पत्रं

हसू नका रे, पण दिगूवर मी लय जळायचो. फ्रेंच शिकायला पॅरिसला जायचा वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, आम्ही दोघांनी मागितली, मिळाली त्याला. तिकडं तो एका कुटुंबात राहायचा. इकडं गंगाखेडात त्याच्या आईला, मी मावशी म्हणायचो तिला, वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची पत्रं मीच वाचून दाखवायचो. एकदा जळफळाटात पदरचं एक वाक्य घातलं, "इथल्या बाईला मी आईच म्हणतो."

मावशी उठून चुलीकडं गेली. मग माझ्यापुढं ताट ठेवून म्हणाली, "तिनं माझं लेकरू घेतलं न्हवं? मग आजपासून तू माझा. रोज जेवायला येत जा."

वर्षभर तिची भाकरी अन् तिळाची चटणी खाल्ली. मग पत्र आलं, "आई, पुढच्या महिन्यात घरी येतोय."

तेवढं वाक्य मी वाचलंच न्हाई.