गुलाबी शाल आणि माझे दोन जन्मदाखले

नाही, पण मी म्हणतो, माणसाने किती वेळा जन्माला यावं याला काही मर्यादा? मी दोनदा आलो. हो हो, दोनदा! एकदा सरहद्दीवरच्या नदीच्या या काठाला आणि एकदा त्या काठाला, म्हणजे दोन देशांत, तेही एकाच महिन्यात! आणि हे मी त्रेपन्न वर्षं कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही, कारण तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस आहे. रोसेन्दो कान्तू, पुलाच्या रस्त्यावर टायरचं दुकान, अंगाने हा असा आडवा, मिशा ह्या अशा... आणि सरहद्द-पोलिसांची हिरव्या पट्ट्याची गाडी दुकानासमोर नुसती हळू झाली तरी मी टायरच्या ढिगामागे जाऊन बसतो. हवा भरायला आलेला असतो हो तो बिचारा!

सगळं सुरू झालं आमच्या दालियापासून. सोळा वर्षांची पोर, धावते, म्हणजे काय धावते! पाच वर्षांची होती तेव्हा आजीपाशी गेली आणि म्हणाली, "आजी, मी मुलगा नाहीये, मुलगी आहे." माझी आई तव्यावर मक्याच्या तोर्तिया भाजत होती, तिने मानही वळवली नाही. "बरं, मग केस वाढव. वेणी घालायला मला कुणीतरी हवंच होतं." झालं! घरात एवढीच चर्चा. पण शाळेत? शाळेत जन्मदाखला बघतात, दाखल्यावर लिहिलंय मुलगा, म्हणून मुलींच्या शर्यतीत धावायचं नाही. मग ही काय करते माहितीये? शर्यतीच्या दिवशी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी राहते, आत शिट्टी वाजली की बाहेरच्या रस्त्याने ही सुटते... एकटी! नंबर नाही, टाळी नाही. मी एकदा पाहिलं ते, आणि घरी येऊन नळ सोडून रडलो.

म्हणून वकीलबाई गाठली, झुलेमा ओचोआ. ती म्हणाली, "कान्तूसाहेब, दाखल्यावर मुलगी लिहून घ्यायचा अर्ज करू. पण मुलगी लहान आहे, बापाची सही लागेल. शपथेवर लिहायचं, तुमचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ." जन्मस्थळ! अहो, कुठलं लिहू, माझी तर दोन! आणि तिच्या ऑफिसातल्या टीव्हीवर तेव्हाच नेमकं काय चालू असावं? मोठ्या कोर्टात दोन खटले निकालाला आलेत... एक, मुलींच्या शर्यतीत कोण धावणार, आणि दुसरा, इथे जन्मला म्हणून माणूस इथला नागरिक धरायचा की नाही. एक माझ्या पोरीचा आणि एक माझा! "अहो, तो दुसरा पुढे जन्मणाऱ्या बाळांचा आहे," वकीलबाई म्हणाली, "तुम्ही त्रेपन्न वर्षांचे, तुम्हाला काय त्याचं?" मला म्हणायचं होतं, बाई, मीही बाळच होतो, दोनदा होतो! पण म्हटलं, उद्या येतो, आणि उठलो. भित्रा माणूस आहे हो मी!

तडक घरी आलो. आईला म्हटलं, "आई, ते दोन्ही कागद दे." ऐंशी वर्षांची बाई, तिने शांतपणे बिस्किटांचा डबा काढला. म्हटलं, "दोन दोन ठिकाणी नोंद करायची काय गरज होती तुला?" तर माझ्यावरच डाफरली! "जन्मलास या काठालाच, तेन्चा सुईणीच्या स्वयंपाकघरात. पण मी इथे कामावर जाणार, तुला सांभाळणार कोण? शाळा त्या काठाला माझ्या आईकडे, आणि तिथला दाखला नसेल तर मास्तर घेणार नाही! सगळ्याच बायका करायच्या. मी तुला एकदाच जन्म दिला रे, कागदाने दोनदा दिला त्यात माझी काय चूक?"

मी पलीकडचा कागद उघडला. जन्मात पहिल्यांदा नीट वाचला. नाव, रोसेन्दो. गाव, पलीकडचं. लिंग... स्त्री.

"आई!!"

"तेन्चाकडे एकच शाल होती, गुलाबी. त्यात गुंडाळून पलीकडे नेलं होतं तुला. कारकुनाने शालीकडे पाहिलं आणि लिहिलं. मला वाचता कुठे येत होतं?"

"आणि शाळेत कुणी काही बोललं नाही?"

"तो मास्तर पोराकडे बघायचा, कागदाकडे नाही बघायचा."

तेवढ्यात मागे हुंदका. माझी बायको, ओफेलिया! "अठ्ठावीस वर्षं संसार केला मी, अठ्ठावीस! आणि हा पलीकडे मुलगी?" आणि दालिया? ती हसून हसून जमिनीवर बसली. "पप्पा, म्हणजे कागदाप्रमाणे मुलींच्या शर्यतीत धावायला आपल्या दोघांत फक्त तुम्हीच चालता!"

मग तिचं हसू गेलं. उठली, माझा हात धरला. "पप्पा, सही नका करू. सरकारने हा कागद शोधला आणि तुम्हाला त्या काठाला नेऊन सोडलं तर? मला नाही धावायचं. राहू दे."

तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी पोलिसाला घाबरलो, कोर्टाला घाबरलो, दारावरच्या टपालवाल्याला घाबरलो... पण सोळा वर्षांची पोर माझ्यापायी धावायचं सोडते म्हणाली ना, तेव्हा जेवढा घाबरलो तेवढा कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईसमोर दोन्ही दाखले ठेवले. तिने एक वाचला, दुसरा वाचला, माझ्या मिशांकडे पाहिलं, चष्मा पुसला, परत वाचला. म्हणाली, "लपवायचं नाही. खरं ते सगळं लिहू आणि दोन्ही जोडू. घाबरू नका." म्हटलं, बाई, ते एक सोडून काहीही सांगा! सही केली. ती इतकी वाकडीतिकडी आली की माझीच आहे हे सिद्ध करायला आता तिसरा खटला लागणार.

निकाल अजून नाहीत. रोज सकाळी आई टीव्ही लावते आणि मी बाहेर पडतो, कारण ते बघवत नाही... भित्रा माणूस आहे ना! दालियाबरोबर मैदानाच्या कुंपणाच्या कडेने धावतो. गुडघे कुरकुरतात, पोट माझ्या आधी पोचतं, आणि ही मागे वळून ओरडते, "पप्पा, श्वास नाकाने!" काल शेजारी विचारत होता, "रोसेन्दो, या वयात धावायला शिकतोयस कशाला?" म्हटलं, बाबा रे, दोन निकाल यायचेत. एक तिच्या बाजूने लागला तर तिला धावायचंय. आणि दुसरा माझ्यावर उलटला, तर मला!