बहिऱ्यांना हाका

…आणि वर मलाच म्हणते, "आई, तू एकच काहीतरी निवड." आता तुम्हीच सांगा, एकच निवडायला ही काय साडी आहे? साडीलासुद्धा मी दुकानदाराला घाम फोडते. अठ्ठावीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात उभी राहिलेली बाई मी, निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती तरी किती बघायच्या, म्हणून म्हटलं समाजासाठी काहीतरी करावं, तर लेकीने पुढ्यात कागदच ठेवला… झाडं, नदी, भटकी कुत्री, रस्त्यावरचे अपघात, आणि वर उपदेश, "सगळीकडे हात घातलास तर एक ना धड, भाराभर चिंध्या. एकच निवड."

बरं बाई, एकच. आधी झाडांकडे गेले. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आमच्या खात्यात खिळे पाडणारी चौदा यंत्रं, शेजारी उभं राहून बोंबललं तरी ऐकू यायचं नाही, त्यामुळे आम्ही बायका नुसत्या ओठांवर बोलायचो. आवाज काढायचाच नाही, फुकट जातो. कोणाची सासू, कोणाचं बाळंतपण, अख्खे संसार आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत असे बोललो. डावा कान गेला माझा त्यात, उजवा अर्धामुर्धा आहे, पण ओठ मला वीस पावलांवरून वाचता येतात. तर झाडांचे सर तिकडे कोपऱ्यात कोणाच्या तरी कानाशी लागून म्हणत होते, "या बाईंना चहाचं बघायला सांगू." मी इकडूनच म्हटलं, "चहा नको, खड्डे खणायला द्या." पुन्हा काही त्यांनी बोलावलं नाही.

मग कुत्री. तिथल्या मॅडमचं वीस मिनिटं भाषण, "ज्या गोष्टीने तुमच्या पोटात तुटतं ना, ती निवडा." घरी येऊन मी पोटाला विचारलं. सगळ्यानेच तुटतं हो. कुत्र्याने तुटतं, नदीने तुटतं, रस्त्यात आपटलेल्या पोराने तुटतं. पोटाला कुठे कळतं एकच निवडायचं असतं ते?

आणि मी अशी सभांमागून सभा हिंडत होते ना, तेव्हा चिमणी दोनदा माझ्या दाराशी येऊन गेली. चिमणी म्हणजे माझ्या समोरच्या यंत्रावरची, एवढीशी चण, म्हणून चिमणी. तिचे दोन्ही कान पार गेलेत. ती जगते ती ओठांवर, आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तर ओठही पुसट दिसतात. साखर खाली येईपर्यंत डॉक्टर डोळ्याला हात लावत नाहीत. तिला सरकारी दवाखान्यात कान तपासायची तारीख मिळाली होती. तपासणी झाली की बहिरेपणाचा दाखला, दाखला मिळाला की कानाला यंत्र, एवढाच तिचा आधार. सोबत चल म्हणून सांगायला आली, तर दोन्ही वेळा माझ्या दाराला कुलूप. मी नदीच्या सभेला.

मग गेली एकटीच. पहिल्या बाकावर बसली. आणि तिथली पद्धत काय, तर दारात कारकून, मान वहीत, तोंडाने तीनदा नाव पुकारतो, कोणी उठलं नाही की "गैरहजर", पुढचा. अहो, कान तपासायला आलेल्या माणसांना तोंडाने हाका! सकाळी आठपासून चिमणी त्याच्यापासून चार हातांवर बसलेली. संध्याकाळी झाडूवाली आली तेव्हा कळलं, हिचं नाव साडेनऊलाच होऊन गेलं. पुढची तारीख सात महिन्यांनी.

हे तिने मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. मी ओठांवर म्हटलं, "मला निरोप नाही का ठेवायचास?" तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, खिडकीकडे, उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं. तिला नाही कळलं. मला रडू आलं, ते मात्र तिला बरोबर कळलं.

कानांची तपासणी मंगळवारीच असते, तेव्हापासून दर मंगळवारी मी तिथे जाऊन बसते. बाकावरच्या प्रत्येकाचा कागद बघून नाव पाठ करते, कारकुनाच्या ओठांकडे डोळे लावते, नाव आलं की त्या माणसाच्या खांद्यावर हात. पहिल्या दिवशी अकराच्या अकरा हजर. कारकुनाने वहीतून मान वर काढली, "आज सगळे कसे काय?" म्हटलं, "दर वेळी सगळेच असतात, तुम्ही बघत नाही."

लेक खूश. "आई, शेवटी निवडलंस!" लगेच तिने अर्ज लिहिला, की तिथे आकडे उजळणारा बोर्ड लावा, माणूस नंबर बघून उठेल. झाडांच्या सरांनी सही केली, कुत्र्यांच्या मॅडमनी केली. चार महिन्यांनी उत्तर आलं, मी पाठ केलंय… "सदर ठिकाणी एक सेवाभावी महिला नियमित उपस्थित असल्याने कोणीही गैरहजर राहत नाही. सबब बोर्डाची आवश्यकता दिसून येत नाही."

घ्या. आता कारकून हाकासुद्धा मारत नाही. वहीच माझ्या हातात देतो, "मावशी, तुम्हीच बघा, माझा घसा बसतो." सुधारणा करायला गेले आणि बिनपगारी शिपाई झाले.

लेक काल म्हणाली, "आई, महिनाभर जाऊ नकोस. लागू देत गैरहजेऱ्या, बोंब होऊ दे, तेव्हाच हलतील. तूच बोर्डाच्या आड येतेयस." खोटं नाही तिचं, मलाही पटतं. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. पण येत्या मंगळवारी चिमणीची तारीख आहे. म्हटलं, "अगं, चिमणी?" तर ती हळूच, मला ऐकू येणार नाही अशा बेताने, नुसत्या ओठांवर म्हणाली, "एकच निवड."

मंगळवारी मी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही मंगळवारी जाणार, कारण बाकावर कोणाची ना कोणाची चिमणी असतेच. बोर्ड काही लागत नाही. निदान मी आहे तोवर तरी.