कोरडा संप

नाही पण मी काय म्हणतो, अख्ख्या नंदनवन कॉलनीत पाण्याले माहं एकच घर दिसलं काय? समोरच्याचा बोर कोरडा, शेजारचे लोक उन्हाळाभर टँकरच्या मागं धावले, आन् माह्या तळघरात घोट्यापर्यंत पाणी... तेबी न बोलावता! आन् मी देवाजवळ मागतलं काय होतं? महाल मागतला? मले फक्त दुपारची झोप पाहिजे होती!

तुम्हाले सांगतो, जिंदगीभर हिंगण्याच्या कंपनीत शिफ्ट केल्या. रात्रपाळी करून घरी झोपाले यावं, तर भंगारवाला, कुकरच्या शिट्ट्या, आन् हॉलमधे प्रेमिलाचं, म्हणजे माह्या बायकोचं, भजनी मंडळ. देव जागा होत होता का नाही, देवाले माहीत. मी होत होतो! म्हणून रिटायर झालो आन् घर नवं बांधलं, तं खाली तळघर काढलं. काय थंडावा बाप्पा! भर मे महिन्यात चादर घेऊन झोपलो. मग पाऊस लागला, आन् एका दुपारी कूस बदलली तं हात पाण्यात. छत पाहा तं खडखडीत. पाणी खालून, फरशीच्या सांध्यातून पाझरून राहिलं!

माहा भाचा आहे पुण्याले, ऋषी, इंजिनेर. त्याले फोन लावला. तो म्हणते, "मामा, कोपऱ्यात संप करा, त्यात पंप टाका." मी म्हटलं, बाबू, कायचा संप? रिटायर माणसानं कोणाच्या विरुद्ध संप कराचा, बायकोच्या? तो हासून राहिला. म्हणे, खड्डा मामा, खड्डा! जमिनीतलं पाणी त्यात जमा होईन, पंप बाहेर फेकीन. मग खड्डाच म्हण ना गा!

पण जयवंता मिस्त्रीले मी खड्डा सांगतला काय? नाही. इंजिनेरचा शब्द सांगतला, ऐटीत. जयवंता, एक संप करून दे! आता आपल्या इकडं संप म्हणजे काय? नळाचं पाणी भराची टाकी. जयवंता म्हणे, "भाऊ, असा संप देतो, थेंब इकडचा तिकडं जाणार नाही." मी खूश! पावसानं उघाड दिली तेवढ्यात त्यानं खड्डा खोदला, प्लास्टर केलं, वॉटरप्रूफिंग केलं, आतून टाइल लावली, आन् कचरा पडू नये म्हणून वर गुडघाभर कट्टा. पुन्हा पाऊस आला, पाणी चढलं. मी पंपाचं बटन दाबलं... घर्र्र! नुसती हवा! चारी बाजूनं पाणी, आन् संपात थेंब नाही. जयवंता छाती काढून उभा, म्हणे, पाहा, म्हटलं होतं ना? आता या माणसाले शिव्या देऊ का शाबासकी? अरे, मले फक्त दुपारची झोप पाहिजे होती!

ऋषीनं फोनवर कपाळ बडवलं. मामा, त्याले भोकं ठेवा लागते! मी जयवंताले म्हटलं, पाड भोकं. तं तो रुसला. म्हणे, मी आपल्या हातचं चांगलं काम फोडत नसतो, दुसरा मिस्त्री पाहा. आन् गेला निघून. म्हणजे घ्या... संपापायी मिस्त्री संपावर!

मग परवाची दुपार. वर भजन रंगात, उकाडा असा का कूलर लावला तं अंग अजून चिकट. मी म्हटलं, "अवं प्रेमिला, मी झोपू कुठं?" तिनं टाळ थांबवला नाही. म्हणे, "अवो, खड्ड्यात जा."

गेलो! पंप काढून बाहेर ठेवला, उशी घेतली, कट्टा ओलांडला आन् टाइलवर बसलो टेकून. थंडगार... कोरडं... टाळाचा आवाज नाही. पाय लांब होत नाहीत, पण जिंदगीत अशी झोप नाही लागली!

काल जयवंताचा राग उतरला. आला हातोडा घेऊन, पाण्यातून चबक चबक करत, म्हणे, चला भाऊ, पाडून देतो भोकं. मी आतूनच म्हटलं, "हळू बोल गा... भोकं राहू दे. मी झोपून राहिलो."