सोनुबाईची पहिली बातमी

न्हाय, बातमी फळ्यावरून उतरणार न्हाय — आधी बसा तर, सौरव. नगरपालिकेतली माझी खुर्ची तुम्हाला मिळाली म्हणून साहेबांचे निरोपही तुम्हीच पोचवायचे, व्हय? पोचवा. आम्हीही पोचवले.

बाईला फूस कोणी लावली, म्हणतात? सांगा, अण्णानं लावली. विड्या वळणारी सोनुबाई, सातवी शिकलेली, तिला बातमी लिहायला मी शिकवलं. दर रविवारी नगरपालिकेच्या या वाचनालयात अकराजण शिकायला बसतात. पहिल्या दिवशी म्हटलं, गल्लीतली एक बातमी लिहा — अकराच्या अकरा जणांनी काय लिहावं? 'मेहेरबान साहेबांच्या सेवेशी, सविनय अर्ज.' आणि खाली, 'आपला विश्वासू.' निपाणीत माणसाच्या हाती कागद आला की तो आधी वाकतो, मग लिहितो. ते वाकणं काढायला तीन रविवार गेले. म्हटलं, मागू नका, सांगा. काय झालं, कधी झालं, कोणी केलं — नावासकट.

सोनुबाईनं तेच केलं. शिडी चढून गल्लीच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं — आत हातभर गाळ, त्यात मेलेलं कबूतर. मग तुमच्याच ऑफिसातून रजिस्टरच्या नकला मागवल्या. दर पंधरवड्याला 'टाकी साफ केली', खाली सही. आता ही बदनामी कशी, ते साहेबांना विचारा. तुम्ही साहेबांच्या नावापर्यंतच वाचलंत, न्हाय? पुढं वाचा. शेवटचं नाव. — राहू दे, मीच सांगतो. रजिस्टरातल्या नऊ वर्षांच्या सह्या माझ्या आहेत. टाकीला शिडी कुठल्या बाजूनं आहे, तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मुकादम दारातनं 'झालं अण्णा' म्हणायचा, मी लिहायचो. अक्षर लई सुंदर, सगळे म्हणायचे.

आणि एक — हे साहेबांना सांगू नका. नको, सांगा. तिनं बातमी आणून दिली, ती मी दोन आठवडे ड्रॉवरमध्ये दाबून ठेवली. तपासतोय म्हटलं. सवय. तिची नात तेव्हा काविळीनं अंथरुणाला खिळलेली, हे मला माहीत होतं. शेवटी ती आली, दारातच उभी राहिली, म्हणाली, "अण्णा, तुमचं नाव तेवढं काढू काय?" रागानं न्हाय हो. रागानं म्हणाली असती तर मी नियम दाखवला असता. ती माझी काळजी करत होती. मी म्हटलं, राहू दे. फळ्यावर अक्षर मोठं काढ.

तर बातमी राहणार. काय? न्हायतर वाचनालयाची किल्ली परत? ही घ्या. घ्या की, लाजता काय. रविवारी आम्ही टाकीखाली बसू, सावली बरी आहे तिथं. फळा मात्र माझा, घरनं आणलेला. एकट्याला उचलत न्हाय. ते टोक धरा — हां, जपून, अक्षरांवर बोट नको. आता बोलू नका, चाला.