उंबरठा शाबूत आहे

मी, गल्लीत 'काजळी' या नावाने ओळखली जाणारी, वय एकशे बेचाळीस (बाईमाणसाला वय विचारू नये हे सांगूनही विचारले म्हणून), धंदा चेटूक, राहणार लॉन्ड्रीच्या भिंतीला भिंत लागून असलेले घर, समक्ष हजर राहून सांगते की, मला खुर्ची दिली होती, पण आज मला बसवत नाही. जबाब उभ्यानेच देत आहे.

माझा मुख्य धंदा उंबरठे बांधण्याचा. घरधन्याच्या मनात ज्याच्याविषयी वैर असेल, त्याला बांधलेला उंबरठा आत घेत नाही, उचलून रस्त्यावर फेकतो. हा जबाब लिहिणाऱ्या हवालदारांच्या घरचा उंबरठाही माझाच आहे आणि त्यांचे मेहुणे आजही रस्त्यात उभे राहूनच बोलतात.

लॉन्ड्रीवाला इसम जन्माने राक्षस आहे. इस्त्री वापरत नाही, तापल्या तळहातानेच कपडे कडक करतो. आमचे पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचे सख्य. माझ्या कढईच्या धुराने त्याच्या चादरी काळ्या होतात, त्याच्या वाफेने माझ्या वाळत घातलेल्या मुळ्यांना बुरशी येते. मी त्याच्या कपड्यांच्या दोरीवर वावटळ सोडली आहे. त्याने माझी उडायची केरसुणी धुऊन, खळ लावून परत केली, ती चार दिवस वळतच नव्हती. या सगळ्याच्या तक्रारी याच ठाण्यात आहेत.

गेल्या महिन्यात माझे मांजर परत द्यायला म्हणून त्याने आत पाय टाकला आणि समोरच्या गटारात जाऊन पडला. मी हसले, हे नाकारत नाही. तो उठला, मांजर कोरडे आहे ना ते आधी पाहिले आणि म्हणाला, "काजळीबाई, काम चोख आहे हो तुमचं." एवढेच. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कढईत काय घातले ते विसरते. त्याचे शटर वेळेवर वर गेले नाही तर दारात येऊन बघते, आत जाते, पुन्हा येते. हे मी वाफेवर लक्ष ठेवायला करते, अशी माझी समजूत होती.

रात्रभर झोप नव्हती म्हणून आज सकाळी कढई चुलीवर असतानाच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा घरात जळका वास, कढई खाली उतरवलेली, खिडकी उघडी, आणि माझा चुरगळलेला काळा झगा कडक इस्त्री होऊन खुंटीवर. इसम स्टुलावर बसून मांजराची मान खाजवत होता. आत कसा आलास, असे विचारता म्हणाला, "दारातनं. धूर नेहमीचा वाटेना. हाका मारल्या, तुम्ही उठेनात. म्हटलं गटारात पडलो तर पडलो."

त्याला बाहेर पडताना सगळ्या गल्लीने पाहिले. दुपारी गिऱ्हाइके दारात हजर. काजळीचा उंबरठा तिच्याच वैऱ्याला अडवत नाही, मग आमचे काय, असे त्यांचे म्हणणे. माझे पोट या उंबरठ्यांवर आहे. म्हणून इसमाने जबरदस्तीने उंबरठा तोडला असे नोंदवायला मी इथे आले.

इसम माझ्या मागोमाग आपणहून आला आणि बाहेर बाकावर बसला आहे. हवालदारांनी विचारले असता म्हणाला, "त्या म्हणतील ते लिहा. तोडला म्हणून लिहा. मी बसतो कोठडीत, त्यांचा धंदा बुडायला नको." हे ऐकून मी खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. हवालदार म्हणाले, "बाई, एका जागी उभ्या राहा. मला गरगरतंय."

उंबरठा तुटला आहे का, असे त्यांनी विचारले. नाही. मी स्वतः तपासला, शाबूत आहे. "मग माझा मेहुणा?" येणार नाही, निर्धास्त राहा. "मग हा कसा आला?" याचे उत्तर द्यायच्या आधी मी पाणी मागून घेतले.

खरे ते सांगते. उंबरठ्यात खोट नाही. माझ्याच मनात त्याच्याविषयी वैर उरलेले नाही. ते कधी गेले मला कळले नाही, उंबरठ्याला कळले. तो कोठडीत बसायला तयार झाला तेव्हा मलाही कळले. तो मला आवडतो. हे असेच लिहावे आणि मला नक्कल द्यावी, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तोंडावर धरता येईल. इसमाविरुद्ध माझी तक्रार नाही. धुराची आणि वाफेची आहे, ती आम्ही घरी भांडून मिटवू.

वरचे सगळे हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना दार उघडे होते, बाकावर शब्द न् शब्द ऐकू जात होता. दार लावून घ्या, असे मी म्हटले नाही. मी सांगितले तेच लिहिले आहे, बरोबर आहे. आता मला बसवेल. खुर्ची नको, बाहेर बाकावर बसते.