अर्चनाचं हृदय कमजोर नव्हतं

तुम्ही सगळे आलात. तिच्या वॉर्डातल्या मैत्रिणी ड्यूट्या बदलून आल्या, समुद्रपूरहून मामा-मामी एसटीनं आले. मला नीट बोलता येईल का, ठाऊक नाही. पण मी गप्प बसले तर दुसरं कोणीतरी बोलेल. आणि ते खोटं असेल.

अर्चना माझी धाकटी बहीण. दवाखान्यात नर्स, सिंदी मेघेत भाड्यानं राहायची. उन्हाळा लागला तसा घरमालकांनी तिच्या खोलीत लोखंडी कूलर बसवला. लगेच तिचा फोन. "ताई, कूलरले हात लावला का झिणझिण्या येऊन राह्यल्या."

मी पुलगावला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. रविवारी मीटर घेऊन आले. कूलरच्या पत्र्यावर पूर्ण दोनशे तीस व्होल्ट. अर्थिंग नाही. करंट गळला की लाइन तोडणारा ब्रेकर होता, पण तो सारखा पडायचा, म्हणून मालकांनी वायरमनकडून तो काढून लाइन थेट जोडून घेतली होती. मी प्लग काढला. घरमालक देवराव काकांना समोर बसवून सगळं समजावलं. ते हसले. म्हणाले, पंप केवढासा, अठरा वॅटचा, त्यानं कुठं माणूस मरते? हे तुमच्या वर्गात शिकवा, मॅडम.

पुढच्या आठवड्यात त्यांनीच अर्चनाला सांगितलं, "वायरमन येऊन गेला. आता बिनधास्त लावजो."

वायरमन आलाच नव्हता.

तिनं विश्वास ठेवला. दुपारी ड्यूटीवरून आली, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून कूलरच्या टाकीत पाणी भरू लागली. शेजारच्या काकू धावत आल्या तोवर संपलं होतं.

आणि आता गावभर काय सांगणं सुरू आहे? पोरीचं हृदय कमजोर होतं.

कोणाचं कमजोर होतं, काका? तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला आहात. बसा. ऐका. भिजलेल्या अंगातून एक दशांश अँपिअर करंट गेला असं धरू. दोनशे तीसला त्यानं भागा. तेवीसशे ओहम. ओल्या अंगाचा रोध एवढाच असतो, याहून कमीही असतो. आता दोनशे तीसला त्याच करंटनं गुणा. तेवीस वॅट. तुमच्या पंपाहून जास्त, माझ्या बहिणीच्या अंगात. पंप किती वॅटचा, हा प्रश्नच नव्हता. पत्र्यावर व्होल्टेज आलं की किती करंट जाईल, ते ओलं अंग ठरवतं. एवढ्या करंटनं पहिलवानाचंही हृदय बंद पडतं.

मामी मघाशी म्हणाल्या, वय झालेला माणूस आहे, हार घेऊन आला आहे, सोडून दे. मामी, मी सोडणार नाही. वायरमननं ठाण्यात जबाब दिला आहे. ब्रेकर कोणी काढायला लावला, ते त्यानं सांगितलं आहे. मी प्रत्येक तारखेला हजर राहीन. नोकरी गेली तरी. हे कोर्टात उभे राहतील तेव्हा मी समोर बसेन. त्यांना झोप लागू नये असं मला वाटतं. हे बरं नाही म्हणाल. नसेल. मला वाटतं.

आता सगळ्यांनी उभं राहावं. आपण अर्चनासाठी थोडा वेळ शांत राहू.

काका, तुम्ही नाही. तुम्ही हार उचला आणि बाहेर जा. तुम्ही दाराबाहेर गेलात की आम्ही सुरू करू.